रेडिएटरचा ढाळ

मी जे केलं नाही त्याची माफी मी मागत नाही. या स्वभावामुळे माझी दोन-तीन नाती तुटली आणि एका नोकरीत बढती राहिली, तरी तो बदलला नाही. सत्तरी उलटल्यावर मी मुलाकडे ब्राउनश्वाइगला हिवाळा काढायला गेले, तेव्हा तिथेही तेच झालं.

मुलगा गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर. सून संगणकावर काम करते, आठवड्यातले तीन दिवस घरूनच. वर्षभर वणवण करून त्यांना हे घर मिळालं होतं. तिकडे भाड्याचं घर मिळवणं म्हणजे लग्न जमवण्यासारखं. कागद द्यायचे, भेटायला जायचं, नीट बसायचं, हसायचं आणि मग नकाराची वाट बघायची. म्हणून मिळालेलं घर दोघं फार जपत. घर जुनं, दुमजली. खाली घरमालकीण एकटी राहायची, वयाने साधारण माझ्याएवढीच. वरच्या मजल्यावर आम्ही.

त्या देशात बहुतेक घरं गरम पाण्यानं तापवतात. या घरात अजून वाफ होती. तळघरात बॉयलर, त्यातून वर आलेले पाइप, आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली कमरेएवढा लोखंडी रेडिएटर. मुलाला याचं भारी कौतुक. कुणी पाहुणा आला की त्याला आधी तळघर दाखवायचा, मग चहा. बसायच्या खोलीतल्या रेडिएटरवर संगमरवरी फळी होती आणि तिच्यावर सुनेनं देव्हारा मांडला होता. जर्मनीतल्या थंडीत देवांना खालून शेक. मी म्हटलं, चांगलं आहे, माझ्यापेक्षा त्यांची सोय बरी आहे.

मी पोचले त्याच आठवड्यात घरमालकिणीनं बॉयलर सुरू केला. घड्याळ लावलेलं असायचं. सकाळी सहाला वाफ सुटायची.

मी साडेपाचला उठते. सहाला चहा. चहाला आलं लागतं, आणि आलं ठेचावं लागतं. त्यासाठी छोटा पितळी खलबत्ता मी बॅगेतून नेला होता. चार ठोके, फार तर पाच. बॉयलर सुरू झाला त्या पहिल्या दिवशी मी आलं ठेचून पातेल्यात टाकलं आणि बसायच्या खोलीतून धाडधाड आवाज सुरू झाला. आधी फुस्स झालं, मग आत कुणाला तरी कोंडलंय आणि तो लाथा मारतोय, असे ठोके. थोडं थांबायचं, पुन्हा सुरू. सव्वासहाला गप्प. मुलगा आणि सून मागच्या खोलीत दार लावून झोपलेली. साताशिवाय उठत नाहीत.

नाश्त्याला मी सांगितलं, तुमचा तो रेडिएटर आपटतो. मुलगा पावाला लोणी लावत म्हणाला, जुनी हीटिंग आहे, थोडं वाजणारच. मी म्हटलं, हे थोडं नाही. त्यानं मान हलवली. इंजिनियर माणसानं मान हलवली की विषय संपला असं तो समजतो.

पाचव्या दिवशी पत्रपेटीत पत्र आलं. खाली राहणाऱ्या बाईनं पंधरा पायऱ्या चढून बोलायचं सोडून टाइप केलेला कागद पाकिटात घालून टाकला होता. तिथली रीतच तशी आहे म्हणे. सुनेनं वाचून दाखवलं. गेले काही दिवस रोज सकाळी सहाला तुमच्या घरातून कुटण्याचा आवाज येतो. माझी झोपायची खोली बरोबर खाली आहे. मागच्या हिवाळ्यात असं नव्हतं. काय बदललं आहे ते कृपया पाहावं.

बदललं काय होतं? मी आले होते.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग ओट्यावरच्या खलबत्त्याकडे. सून चांगली मुलगी आहे, पण भित्री. ती म्हणाली, "अहो आई, आलं किसूनही चहा होतो."

होतो, पण त्याला चहा म्हणायला धीर लागतो. तरीही मी किसणी घेतली. म्हटलं, खलबत्ता बंद, आता बघू आवाज थांबतो का. खलबत्ता सुनेनं कपाटात वरच्या फळीवर ठेवला, जिथे माझा हात पोचत नाही. ते मी बघितलं.

आवाज थांबला नाही. थांबेल कसा? आवाज मी करत नव्हते. दिवाळीच्या आदल्या दिवशी दुसरं पत्र आलं, पहिल्यापेक्षा लांब. त्या संध्याकाळी मुलगा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "आई, खरं सांग. आम्ही झोपलेलो असताना तू काही कुटतेस का?"

या मुलाला मी वाढवलं. मी भांडते तेही तोंडावर आणि खोटं बोलले तर तेही तोंडावर बोलते, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. मी त्याला इतकंच म्हटलं की सहाला उठून ये आणि बघ. तो म्हणाला की रात्री उशिरापर्यंत मीटिंगा असतात, आणि रेडिएटर असा वाजत नाही, वाजला तर गुडगुड वाजतो, त्यानं वाचलंय. मी म्हटलं, तू वाचलंयस, मी ऐकलंय.

मी चौथी पास आहे. पण एकवीस वर्षं मी दूध डेअरीत कॅन धुतले. कॅन आधी सोड्याच्या पाण्यानं घासायचा, मग उलटा करून वाफेच्या नळीवर धरायचा. वाफ काय करते ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एका वर्षी आमच्या धुलाई विभागात रोज पहाटे आपटण्याचा आवाज यायचा. साहेब म्हणाला, बायका कॅन आपटतात. सगळ्याजणी गप्प बसल्या. मी म्हटलं, आपटत नाही. बढती राहिली ती तिथेच. पंधरा दिवसांनी बॉयलरवाल्यानं शोधून काढलं की पाइपाची एक पट्टी तुटली होती, पाइप मध्ये लोंबला होता आणि त्या लोंबलेल्या भागात पाणी साचत होतं. तो म्हणाला, पाइपाच्या पोटात पाणी आहे, वाफ त्याला उचलून फेकते. पट्टी लावली, आवाज गेला. साहेबानं नंतर कुणाला काही म्हटलं नाही. ते मी विसरले नाही.

म्हणून मला आवाज ओळखीचा होता. कारण मात्र कळत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात तोच रेडिएटर गप्प होता, असं मालकीणच म्हणत होती. पाइप कुठे लोंबलेला दिसत नव्हता. पाइप जमिनीतून वर येऊन सरळ रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात जात होता.

मुलानं मालकिणीला विचारून हीटिंगचा मिस्त्री बोलावला, हे कबूल करायला हवं. मिस्त्री अकरा वाजता आला. वाफ सहाला येते आणि हा अकराला आला. तोवर सगळं तापून शांत झालेलं. त्यानं हात लावला, कान लावला, खाली तळघरात जाऊन आला आणि सगळं ठीक आहे म्हणून कागदावर लिहून गेला. मी सुनेला म्हटलं, त्याला उद्या सहाला बोलाव. सून म्हणाली, सहाला इथे कोणी येत नाही, अहो आई, इथे तर अकराची वेळ मिळायलाही तीन आठवडे लागतात, आपलं नशीब म्हणून तो आला.

त्या कागदानं माझा निकाल लागला. यंत्र निर्दोष, म्हणजे म्हातारी दोषी.

शनिवारी मुलानं संगणकावर उत्तर लिहिलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं. माझी आई वयस्कर आहे, तिला इथले नियम ठाऊक नाहीत, ती सकाळी मसाला कुटते, आम्ही तिला समजावलं आहे, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल ती दिलगीर आहे. खाली माझ्या सहीला जागा ठेवली होती. पत्राबरोबर मी स्वतः बेसनाचे लाडू घेऊन खाली जायचं आणि सॉरी म्हणायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

मी म्हटलं, "लाडू देते. सही देत नाही."

"आई, एक सही. त्यात काय जातं तुझं?"

"माझं नाव जातं."

तो उठून खिडकीपाशी गेला. म्हणाला, हे घर गेलं तर दुसरं मिळणार नाही. मालकिणीनं ठरवलं तर ती आम्हाला काढू शकते. आणि मग पाठ तशीच ठेवून म्हणाला की तुला इथे त्रासच होतोय, थंडीही वाढत जाणार, वाटलं तर तिकीट अलीकडे घेता येईल.

सून एकदम म्हणाली, "अहो, असं काय बोलताय?" पण हळू.

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण रडण्यातली मी नाही. मी म्हटलं, उद्या जाते म्हणालास तर उद्या जाईन, बॅग भरायला मला अर्धा तास पुरतो. पण सही करून जाणार नाही. त्याआधी एक काम करा. उद्या रविवार आहे, तुम्हाला ऑफिस नाही. सहाला दोघांनी उठायचं आणि या खोलीत उभं राहायचं. मी त्या खुर्चीवर हात मांडीवर घेऊन बसते. आवाज आला नाही तर मी सही करते, लाडू देते आणि जाते.

मुलानं कबूल केलं. मला वाटतं, त्याला सही मिळाल्यासारखीच वाटली.

सकाळी सहाला पाच कमी असताना दोघं आली. मुलाच्या अंगावर रजई, सुनेच्या डोळ्यांत झोप. मी खुर्चीवर बसले.  सहाला फुस्स झालं. मग पहिला ठोका पडला आणि देव्हाऱ्यातली घंटा किणकिणली. मग दुसरा, तिसरा, आणि पुढे मोजायची गरज राहिली नाही. सुनेनं कानावर हात ठेवले. मुलगा रेडिएटरकडे बघत होता, मग माझ्या हातांकडे, मग पुन्हा रेडिएटरकडे. मी हात हलवले नाहीत.

सव्वासहाला शांत झालं. तो म्हणाला, "पण मिस्त्री तर..."

मी म्हटलं, मिस्त्री राहू दे. चमचा आण.

चमच्यानं मी रेडिएटरचा एकेक खण वाजवत गेले. पाइपाजवळचे खण खणखणीत वाजले. पलीकडच्या टोकाचे शेवटचे चार खण वरती खणखणीत आणि खाली बद्द. भरलेल्या घागरीसारखे. पाणी तिथे बसलं होतं. वाफ थंड लोखंडाला लागली की तिचं पाणी होतं. ज्या पाइपातून वाफ येते त्याच पाइपातून ते पाणी वाहत परत तळघरात जायला हवं. त्यासाठी रेडिएटर पाइपाच्या बाजूला थोडा उतरता हवा. मोरीला जसा ढाळ लागतो तसा ढाळ. ढाळ नसेल तर पाणी आत बसून राहतं, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येऊन त्याला लोखंडावर आपटते.

मी खाली बसून बघितलं. रेडिएटर अगदी सपाट उभा होता. मी विचारलं, हा कुणी हलवला होता का?

सून स्वतःच्या पायांकडे बघायला लागली. मुलगा तिच्याकडे.

मग कळलं. मी यायच्या आधी नवरात्र झालं होतं. सुनेनं तिथे पहिल्यांदाच घट बसवले होते आणि नऊ दिवसांचा अखंड दिवा लावला होता. फळी उतरती होती. दिव्यातलं तेल एका बाजूला जमायचं आणि वातीची बाजू कोरडी पडायची. तिसऱ्या दिवशी दिवा विझला. ती रडली. मुलानं बुडबुड्याची पट्टी लावून बघितली, बुडबुडा एका बाजूला गेला. जुनं घर खचलं, असं त्याला वाटलं. पलीकडच्या पायांखाली दोन लोखंडी चकत्या होत्या, जाड बिस्किटाएवढ्या. कुणीतरी चुकून ठेवल्या म्हणून त्यानं त्या काढल्या. रेडिएटर सपाट झाला, बुडबुडा मध्यावर आला, दिवा उरलेले दिवस नीट जळला. वाफ तेव्हा बंद होती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

मी म्हटलं, म्हणजे या घरात नवी मी एकटीच नव्हते. देव माझ्या आधी आले होते. त्यांना कुणी पत्र पाठवलं नाही.

मुलगा खजील झाला, पण अजून पुरता नाही. त्यानं मोबाइल काढला आणि वाचायला लागला. दहा मिनिटांनी म्हणाला, बरोबर आहे. मी म्हटलं, वाचलंस ना, मग झालं.

चकत्या बाल्कनीत एका डब्यात होत्या. लोखंड कोणत्या रंगाच्या कचरापेटीत टाकायचं यावर दोघांचं एकमत झालं नव्हतं, म्हणून त्या राहिल्या. त्या देशातल्या नियमांनी माझं केलेलं हे एकच भलं.

आता अडली सून. रेडिएटर पुन्हा उतरता केला की देव तिरके बसणार, दिवा पुन्हा विझणार. देव हलवू या म्हटलं तर म्हणाली, घट बसवलेली जागा आहे, अशी कशी मोडायची? मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यांबरोबर मी चार घरं बदलली. चारही वेळा देव भाजीच्या पिशवीतून आले आणि मिळेल त्या कोपऱ्यात बसले. एकदाही रुसले नाहीत. देव सरळ राहावेत म्हणून घर वाकडं करू नये. पुस्तकांच्या कपाटाचा मधला खण रिकामा कर, भिंतीला लागून आहे, बुडबुडा मध्यावर राहील.

 ती पुस्तकं काढायला लागली. देव उचलताना तिनं नमस्कार केला, मीही केला. माझं देवाशी भांडण नव्हतं.

बॉयलर दुपारी बंद असायचा. रेडिएटर निवल्यावर मुलानं गाडीचा जॅक आणला. रविवारी तिथे खिळाही ठोकता येत नाही, पण जॅक आवाज करत नाही. त्यानं पलीकडची बाजू हळूहळू उचलली आणि मी पालथी पडून चकत्या पायांखाली सरकवल्या. त्यानं मला अडवायला बघितलं होतं. मी म्हटलं, तुझा हात जाड आहे. मग मी रेडिएटरची चावी बघितली. ती त्यानं यंदा अर्धीच उघडून ठेवली होती, वाफ वाया जायला नको म्हणून. मी सांगितलं, ही पूर्ण उघडायची नाहीतर पूर्ण बंद करायची. अर्ध्या चावीतून वाफ आत येत असली की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, दोघं दारातच भांडतात. त्यानं उघडली.

सोमवारी सहाला तिघंही होतो. फुस्स झालं. पाणी पाइपातून वाहत गेल्याचा बारीक आवाज आला. लोखंड तापताना दोनदा टिक वाजलं. मग काहीच नाही.

मुलानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, चहा कर. मी म्हटलं, आज तू कर, मला पत्र हवंय.

त्या संध्याकाळी त्यानं नवं पत्र लिहिलं. वाचून दाखवलं. आवाजाचं तांत्रिक कारण सापडलं असून ते दूर करण्यात आलं आहे, आपल्या सहनशीलतेबद्दल आभार. मी विचारलं, तांत्रिक कारण म्हणजे कोण?

"म्हणजे कुणी नाही, आई. कारण."

"पहिल्या पत्रात मी होते. तेव्हा कारण नव्हतं, माणूस होतं. आता माणूस कुठे गेलं?"

सून तोंड फिरवून हसली. मुलगा हसला नाही.  मग त्यानं लिहिलं की चकत्या मी काढल्या, माझी चूक झाली, माझ्या आईनं काहीही कुटलं नव्हतं आणि कारण तिनंच शोधलं. ते त्यानं मला दोनदा वाचून दाखवलं. खाली त्याची सही. मी बघितली, त्याचीच होती.

पत्रपेटीत टाकू नको, म्हटलं. मी आणि सून खाली गेलो. लाडवांचा डबा सुनेच्या हातात, पत्र माझ्या. मालकीण काठी टेकत दारात आली. चष्मा लावून उभ्यानं सगळं पत्र वाचलं. मग ती सुनेशी बरंच बोलली. एन्टशुल्डिगुंग एवढा शब्द मला कळला. ट्राममध्ये धक्का लागला की सगळे तोच म्हणतात. मला तेवढा पुरत नव्हता.

मी सुनेला विचारलं, आणखी काय म्हणाली? सून म्हणाली की त्या चकत्या तिच्या वडिलांनी बसवल्या होत्या. ती लहान होती, तेव्हा शेजारी उभी राहून बघत होती. वडिलांनी तिला तेव्हा सांगितलं होतं की या नसतील तर घर हातोडे मारील.

मी म्हटलं, मग हे तिला पहिल्या दिवशीच आठवायला हवं होतं. सांग तिला.

 सुनेनं डबा छातीशी धरला. "अहो आई, राहू द्या ना आता."

मी जागची हलले नाही. मालकीण आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी सुनेनं सांगितलं. हळू सांगितलं, पण सगळं सांगितलं असावं, कारण मालकिणीच्या मानेपर्यंत लाली चढली.

तिनं काठीवर भार दिला. मग माझ्याकडे, सुनेकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "गेनाऊ."

तो शब्द मला येतो. मुलगा फोनवर दिवसातून पन्नासदा म्हणतो. बरोबर आहे, असा त्याचा अर्थ. मी मान हलवली, सुनेच्या हातातला डबा घेऊन मालकिणीला दिला आणि जिना चढायला लागले.